ताईची साडेसाती

माझ्या थोरल्या बहिणीला साडेसाती लागलेली आहे आणि मला तिचा हेवा वाटतो. बहिणीचा वाटतो तो वेगळाच, हा साडेसातीचा. हसायचं तर हसून घ्या. लोक दुसऱ्याचं सोनं बघून जळतात, बंगला बघून जळतात, मी शनी बघून जळते. आणि हे आत्ताचं नाही, कळायला लागलं तेव्हापासूनचं आहे. घरी आम्ही मले-तुले बोलतो, इथे लिहायचं म्हणून जरा नीटनेटकं लिहिते आहे. रागाच्या भरात मधेच काही सुटलं तर चालवून घ्या.

आमचा फुलांचा मळा पातूरच्या अलीकडे आणि दुकान अकोल्यात, शनीच्या देवळासमोर. दुकान कसलं, ओटा आहे. देवळाच्या पायऱ्या उतरलं की डाव्या हाताचा पहिला. वर पत्रा, खाली पोतं, पुढे टोपल्या. आधी आजोबा बसायचे, मग बाबा. बाबा गेल्यापासून मी बसते. माझं सासर अकोल्यातच, त्यामुळे नवरा मळ्याचं पाहतो आणि मी ओट्याचं. आई माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, बाबांच्या घरात राहते. ताईला अमरावतीला दिली.

झेंडू-शेवंती कुणीही विकतं, पण शनीला लागते रुई. रुईच्या पानांचा हार, रुईच्या फुलांचा हार, वर शमीची डहाळी. शुक्रवारी दुपारी बांधाबांधाने फिरून रुई तोडायची, पानं ओल्या फडक्याने पुसायची आणि ओवत बसायचं. पान तोडलं की देठातून पांढरा चीक गळतो. तो बोटांवर वाळला की काळा पडतो आणि मग कितीही घासा, जात नाही. चुकून डोळ्याला बोट लागलं तर दिवस वाया. माझी बोटं बारा महिने काळी असतात. लग्नाच्या हळदीच्या फोटोतही काळी आहेत. ताईचे हात मात्र कुणी नुसते बघत बसावे असे आहेत, कारण तिला या कामाला कधी लावलंच नाही.

का नाही लावलं? शनीमुळे. ताई झाली तेव्हा बाबांनी हौसेने तिची पत्रिका करून घेतली. रास मीन निघाली. आणखी काय काय निघालं ते मला कुणी कधी धड सांगितलं नाही, पण पत्रिका सांगणाऱ्याने मधेच चष्मा काढून ठेवला आणि तो आईकडे नुसतं पाहत राहिला म्हणे. झालं. त्या दिवसापासून आई शनिवार धरते. साडेसाती असली की साडेसातीचा, ती उतरली की शनीच्या अडीच वर्षांच्या अडीचकीचा, तीही उतरली की पुढची येणार म्हणून आधीपासूनचा. ताईला ताप आला, शनी. ताई पडली, शनी. ताई गणितात नापास झाली तेव्हा बाबा तिला जवळ घेऊन बसले आणि आईने मारुतीला नारळ वाढवला. मी नापास झाले तेव्हा फुकणीने मार खाल्ला. ताईचं चुकलं की ग्रहाचं, माझं चुकलं की माझं. माझी रास कुणी विचारली तर आई हात झटकून म्हणायची, हिचं काय, हिचं चांगलं हाय. विषय संपला. चांगल्या ग्रहांच्या पोरीने करायचं काय, तर पानं पुसायची.

आमच्या देवळात शनीपुढे नवग्रहांचा चौथरा आहे. नऊ ग्रह एकाच चौथऱ्यावर बसलेले, पण कुणाचंही तोंड कुणाकडे नाही. एक इकडे बघतो, दुसरा तिकडे. शास्त्रच तसं आहे म्हणतात. लहानपणी मला ते बघून आमच्या घरचं जेवण आठवायचं. बाबा ताईकडे बघायचे, आई ताईकडे बघायची, ताई ताटाकडे, आणि मी या तिघांकडे.

एकदा मी शनीच्या हारात लाल कण्हेर ओवली. फार लहान होते, नुसती हिरवी पानं मला उदास वाटली, एवढंच. आईने सगळ्या ओट्यांसमोर कानाखाली लावली. सूर्य हा शनीचा बाप, पण बापलेकाचं हाडवैर, त्यामुळे सूर्याचा लाल रंग शनीच्या अंगावर चालत नाही. फुलवाल्याच्या पोरीला एवढं कळू नये म्हणजे काय, असं आई म्हणाली. त्या दिवशी ताई शेजारी बसून पेरू खात होती, आणि तिला तर हेही माहीत नव्हतं की सूर्याला पोरगा आहे.

तर सांगायचं म्हणजे, दर शनिवारी आई देवळात येते. तेल शुक्रवारीच आणून ठेवलेलं असतं, शनिवारी तेल विकत घेऊन घरात आणायचं नाही. हार मात्र माझ्या ओट्यावरून उचलते. माझ्या काळ्या बोटांनी ओवलेला हार, माझ्याच आईच्या हातून, ताईच्या नावाने. कधी छायादान असतं. लोखंडाच्या वाटीत तेल घ्यायचं, तेलात आपलं तोंड पाहायचं आणि ती वाटी देऊन टाकायची, म्हणजे पीडा तेलाबरोबर जाते. आता ताई अमरावतीला, तिचं तोंड अकोल्याच्या वाटीत कसं दिसणार? तर आई माझा मोबाइल मागून नेते आणि ताईचा फोटो वाटीवर धरते. फोटो ताईचा, मोबाइल माझा. तेलाचे थेंब उडून काच बरबटते ती पुसणारीही मीच. एकदा मी विचारलं होतं की एखाद्या शनिवारी वाटीत माझं तोंड पाहिलं तर चालत नाही का. आई म्हणाली, तुले काय झालं वं धडधाकटले.

आणि दर्शन करून बाहेर आली की आई माझ्या समोरून जाते, पण माझ्याकडे पाहत नाही. शनीचं दर्शन झालं की मागे वळून पाहायचं नाही, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, थेट घर गाठायचं, असा नियम. ओटा पायऱ्यांना लागून, तिचा पदर माझ्या टोपल्यांना घासून जातो. मला नियम ठाऊक आहे, गिऱ्हाइकांना मीच समजावून सांगते. तरी दर शनिवारी मी ओवता ओवता मान वर करून बघतेच. ताईसाठी आत जायचं आणि बाहेर आल्यावर मी दिसायची नाही. लोक जुन्या चपला देवळातच सोडून अनवाणी घरी जातात, साडेसाती चपलांबरोबर इथेच राहावी म्हणून. त्या चपलांचा ढीग माझ्याच ओट्याला टेकून असतो. साऱ्या जिल्ह्याची साडेसाती माझ्या शेजारी पडलेली, आणि मला एक लागत नाही.

हे असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि मीही कुरकुरत का होईना चालवून घेत होते. या वर्षी मात्र प्रकरण ओट्यापर्यंत आलं.

भाऊजींचं अमरावतीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद पडलं. ते कामाच्या शोधात नागपूरकडे गेले आणि ताई दोन बॅगा घेऊन आईकडे आली. आईला तर शनी दारात उभा दिसला. पोरीची साडेसाती मधल्या टप्प्यात आहे, हेच ते, म्हणून तिने शनिवारचा उपास बुधवारीही सुरू केला. ताई घरात बसून रडते, तिचं मन रमावं म्हणून तिला ओट्यावर घेऊन बस, असं मला सांगितलं. मी घेऊन बसले. बहीण आहे, नाही कशी म्हणणार.

आणि काय सांगू, आठवड्याभरात गिऱ्हाईक तिच्याकडे जायला लागलं. मी तिखटाची पूड आहे, मला माहीत आहे. भाव सांगते, घ्यायचा तर घ्या, नाहीतर पुढचा ओटा आहे. ताई मात्र काकू, दादा, मामा करत विचारणार, कुणाची रास, कितवा टप्पा, कुठून आलात. आणि मग हळूच सांगणार, मलापण आहे हो साडेसाती, माझी मीन. एवढं ऐकलं की समोरची बाई विरघळलीच. दोघी एकमेकींना आपापले हाल सांगतात, बाई डोळे पुसते, जाताना एकाच्या जागी दोन हार नेते. नांदगाव खंडेश्वरची एक म्हातारी तर ताईच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडून गेली. मी तिला कित्येक वर्षं हार देत होते, माझ्याकडे बघून तिने कधी नीट चिल्लरही मागितली नाही. जळफळाट झाला माझा. खोटं कशाला बोलू.

ताईला चार दिवस पानं ओवायला लावली तर तिच्या बोटांना चिकाने फोड आले. संध्याकाळी मी आईकडे डबा द्यायला गेले तर आई तिचे हात मांडीवर घेऊन एकेका बोटाला साजूक तूप लावत होती. माझ्या बोटांना आजवर कुणी तूप लावलं नव्हतं. मी डबा चुलीशेजारी आपटला आणि परत आले.

त्याच आठवड्यात आईने मला बोलावून सांगितलं की येत्या अवसेला पहिला हार ताई देईल.

हे काय ते सांगायला हवं. आमच्या देवळाचा जुना रिवाज आहे. पोळ्याच्या अवसेला शनिवार लागला की पहाटे दार उघडताच ओटेवाले पायऱ्यांवर ओळीने उभे राहतात आणि प्रत्येक ओट्याचा एकच माणूस आपला हार गुरुजींच्या हातात देतो. पहिला मान पहिल्या ओट्याचा. ज्याच्या हातून त्या दिवशी हार गेला, तो ओटा त्याचा. पुढे पुन्हा असा योग येईपर्यंत दुसरं कुणी त्यावर हक्क सांगत नाही. ना कागद, ना शिक्का, सगळ्यांच्या देखत झालं की झालं. बाबा गेल्यानंतर मी हार दिला होता आणि तेव्हापासून ओटा माझा होता. आता आई म्हणत होती, तो ताईचा. कारण काय, तर तिचे दिवस वाईट आहेत, तिला आधार पाहिजे. तुला काय, तुझा नवरा धड आहे, मळा आहे, तुझं चांगलं आहे.

मी घरी येऊन नवऱ्याजवळ बोंब मारली. तो शांत माणूस. म्हणाला, जाऊ दे, तुझीच बहीण आहे, तू तिच्या शेजारी बसून ओव, काम तर सुटत नाही. मी त्या रात्री त्याच्याशी बोलले नाही. शेजारी बसून ओव म्हणे. म्हणजे पुन्हा तेच, हार माझा आणि नाव तिचं. ओटा गेला तर मी कोण? मळ्यावर मी नवऱ्याची बायको, आईकडे मी डबा आणणारी. त्या एवढ्याशा दगडावर बसले की मी कुणीतरी असते, लोक मला ओळखतात, रुईवाली म्हणतात. एवढंच होतं माझ्याजवळ, आणि तेही ताईचे ग्रह वाईट म्हणून तिच्या पदरात घालायचं.

पोळा झाला. अवस पोळ्याच्या दुपारी लागली ती दुसऱ्या दिवशीही होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, शनिवार आणि अवस, तिन्ही एकत्र. गावात लेकरांचे लाकडी बैल निघायचे होते आणि देवळासमोर पहाटेपासून माणसांची रांग लागली होती, पार धारणीकडून जीप भरून लोक आले होते. मी रात्रीच हार करून ठेवला होता. आईने सांगितलं होतं की ताई देईल, पण मी माझा हार केला आणि टोपलीत झाकून आणला. आयत्या वेळी आईचं मन फिरेल असं मला वाटत होतं. का वाटत होतं कोण जाणे, चाळीस वर्षांत कधी फिरलं नव्हतं.

ताई माझ्याआधीच आलेली. नवी साडी, केसात गजरा, हातात तिने स्वतः ओवलेला हार. पानं उलटसुलट, दोरा दिसतोय, आणि मधोमध, काय सांगू तुम्हाला, लालभडक जास्वंद. शनीच्या हारात. मी बघतच राहिले. आईचंही लक्ष गेलं. मला वाटलं, आता लागते कानाखाली. सगळे ओटेवाले उभे, अगदी तशीच जागा, तशीच चूक. आई पुढे झाली, तिने ती जास्वंद अलगद सोडवली, कमरेला खोचली आणि तिथे शमीची डहाळी अडकवून दिली. ताईला तर कळलंही नाही की तिचं काय चुकलं. वर आईने तिची पाठ थोपटली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दार उघडलं, गुरुजी उंबऱ्यावर आले, पहिल्या ओट्याचा हार द्या म्हणाले, आणि मी ताईच्या पुढे जाऊन उभी राहिले. सगळ्यांच्या देखत मी आईला विचारलं.

"माहे ग्रह चांगले हायेत, हा माहा गुन्हा हाय का, आई?"

ताईने हार माझ्यापुढे धरला आणि म्हणाली की तूच दे, मला नको. तेही मला लागलं. मोठं मन दाखवायची वेळ आली तर तेही तिच्याचकडे. आईने ताईचा हात धरून खाली केला आणि माझ्याकडे वळली. ती अजून दर्शनाला गेलेली नव्हती, त्यामुळे बोलायला मोकळी होती.

"तुहे ग्रह कसे हायेत, मले काय मालूम," ती म्हणाली. "तुही पत्रिका म्या कधी केलीच नाई."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हणजे हिचं चांगलं हाय, हिचं चांगलं हाय, हे जे आयुष्यभर ऐकत आले, ते कुणी पाहून सांगितलेलं नव्हतंच. माझ्या लग्नात पत्रिका कुणी मागितली नव्हती, सोयरीक नात्यातली होती, मला वाटायचं माझी पत्रिका इतकी उत्तम असेल की पाहायची गरज पडली नाही. ताईची पत्रिका पिवळ्या फडक्यात गुंडाळून देवघरात ठेवलेली, दर दिवाळीला तिला हळदकुंकू. आणि माझी केलीच नाही. दोन लेकींपैकी एकीचा एवढाही खर्च, एवढीही दखल नाही.

आई खाली बघत बोलत होती, मला म्हणून की पायऱ्यांना म्हणून, कळत नव्हतं.

"हिची केली अन् माही झोप गेली. तिच्याकडं पाह्यलं की म्या आता काय होते, आता काय होते, हेच पायत राह्यली. तुह्या टायमाले तुह्या बापाले म्हटलं, नाई करत. एक तरी पोरगी म्या बिनधास्त पाहीन."

बिनधास्त. वा. बिनधास्त म्हणजे मारून, कामाला लावून, देवळातून बाहेर आल्यावर न बघता. हे मला तेव्हा वाटलं, आणि खरं सांगते, अजूनही कधी कधी वाटतं. मी बाजूला झाले. आईने ताईला पुढे ढकललं, ताईने गुरुजींच्या हातात हार दिला, गुरुजींनी तो शनीच्या गळ्यात घातला, आणि घंटा वाजली. ओटा गेला. सगळ्या ओटेवाल्यांनी पाहिलं, आता त्यात बदल नाही. माझा हार टोपलीत झाकलेलाच होता.

मी तिथून हलले नाही. आरती झाली, रांग पुढे सरकायला लागली, तरी मी उंबऱ्याशीच. मी एकच धरून बसले होते. मी गुरुजींना म्हटलं, माझी पत्रिका करा. आज, आत्ता. निघू दे जे निघायचं ते. साडेसाती निघू दे, मंगळ निघू दे, राहू निघू दे, पण ताईइतकं निघू दे. दक्षिणा काय असेल ती देते. गुरुजींपुढे गर्दी होती, पण माझा चेहरा बघून बहुधा ते नाही म्हणाले नाहीत. त्यांनी जन्मतारीख विचारली, ती शाळेतल्या दाखल्याची मला पाठ आहे. जन्मगाव विचारलं, ते पातूर. मग विचारलं, वेळ काय.

वेळ मला कुणी कधी सांगितली नव्हती. ती एकाच माणसाला माहीत. आई दर्शनाला आत जायला निघाली होती, हातात तेलाची वाटी. मी तिला थांबवलं आणि विचारलं. गुरुजीही थांबले.

आता आईचं सांगते. आमची कोणती गाय कोणत्या दिवशी किती वाजता व्यायली, हे तिला तोंडपाठ आहे. बाबांचा श्वास थांबला ती वेळ ती घड्याळ न बघता सांगते. आणि माझ्या वाढदिवसाला ती दरवर्षी वाटीभर शिरा घेऊन येते, पण सकाळी नाही, दुपारी नाही. रस्त्यावरचे दिवे लागायच्या सुमारास येते. ओट्यावर माझ्याशेजारी बसते, दिवे लागले की घास भरवते आणि म्हणते, आता झाली वं तू. कितीही पाऊस असो, कितीही गिऱ्हाईक असो. ती वेळ तिने कधी चुकवली नाही. ताईच्या वाढदिवसाला ती देवळात असते.

गुरुजी म्हणाले, नक्की आठवत नसेल तर अंदाजाने सांगा. सकाळ होती की संध्याकाळ?

आईने वाटीतलं तेल पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, चांगलं डोळ्यांत डोळे घालून.

"मले नाई आठवत," ती म्हणाली.

माझी आई शनिवारी खोटं बोलत नाही. शनिवारीच काय, ती मापातला एक तीळ इकडचा तिकडे करत नाही, शनी खोटं बोलणाऱ्याला सोडत नाही या भीतीने ती साऱ्या गल्लीला नकोसं करून सोडते. आणि इथे ती उंबऱ्यावर उभी होती, आत तो काळाकुट्ट बसलेला, गळ्यात तिच्या लेकीचा हार, पोळ्याची अवस, तिच्या हातात त्याचंच तेल. ताईसाठी ती जन्मभर त्याच्या पाया पडली. माझ्यासाठी त्याच्या तोंडावर खोटं बोलली.

दिवेलागण, एवढा एक शब्द होता. माझ्या अगदी ओठांवर आला होता. मी आईकडे पाहिलं. तिची बोटं वाटीवर घट्ट दाबलेली होती आणि तेल हलत होतं.

गुरुजी म्हणाले, वेळेशिवाय पत्रिका व्हायची नाही. मी म्हटलं, मग राहू द्या.